यूएसबी ऑडिओ इंटरफेस कॉम्प्युटरला दिसत नाही? आधी वायर तपासा, ड्रायव्हर नंतर

माइक लावलेला आहे, इंटरफेसवरचा (माइकचा आवाज यूएसबीच्या वायरीतून कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या डबीवरचा) दिवा लागलेला आहे, पुस्तक उघडून ठेवलं आहे. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र लॅपटॉपचा स्वतःचा माइक तेवढा दिसतो. इंटरफेसचं नावच नाही.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारा आमचा एक छोटा गट आहे. वाचणारे बहुतेक निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गृहिणी. प्रत्येकाच्या घरी एक माइक आणि एक यूएसबी इंटरफेस. परीक्षा जवळ आली की रात्री नऊनंतर मला फोन येतात आणि त्यातले निम्मे याच तक्रारीचे असतात. या फोनांतून मी एक गोष्ट पक्की शिकलो. लोक सगळ्यात आधी ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधला ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, काढतात, पुन्हा टाकतात, विंडोज अपडेट करतात आणि दोन तास घालवतात. दोष मात्र बऱ्याचदा वायरीत किंवा पोर्टमध्ये निघतो. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. मेनूंची नावं इंग्रजी विंडोजमध्ये दिसतात तशीच, देवनागरीत दिली आहेत.

‘दिसत नाही’ म्हणजे नेमकं कुठे दिसत नाही?

हा प्रश्न सोडवल्याशिवाय कशालाही हात लावू नका. इंटरफेस जोडल्यापासून आवाज सॉफ्टवेअरमध्ये येईपर्यंत चार टप्पे असतात. पहिला विजेचा: पोर्टमधून पाच व्होल्ट मिळतात आणि उपकरण आपल्याकडच्या एका रोधकाने डेटाची तार वर ओढून ‘मी आलोय’ अशी खूण करतं. दुसरा ओळखीचा: कॉम्प्युटर विचारतो की तू कोण, कोणत्या कंपनीचा, कोणत्या प्रकारचा, आणि उपकरण आपली माहिती पाठवतं. तिसरा ड्रायव्हरचा. चौथा आवाजाच्या सेटिंगचा आणि सॉफ्टवेअरचा. गाडी कुठल्या टप्प्यावर अडली ते कळलं की बाकीचे तीन सोडून देता येतात.

ते कळण्यासाठी स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ती खिडकी समोर ठेवूनच इंटरफेसची वायर कॉम्प्युटरमधून काढा, पाच सेकंद थांबा, परत लावा. नजर यादीवर ठेवा. चारपैकी एक गोष्ट होईल.

यादी अजिबात हलली नाही, टुंग असा आवाजही आला नाही, तर अडचण पहिल्या टप्प्यात आहे. यादी हलली आणि ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ अशी ओळ आली, तर उपकरण पोचलं पण त्याला आपली ओळख सांगता आली नाही. इंटरफेसचं नाव आलं पण त्यावर पिवळा त्रिकोण आहे, तर ड्रायव्हर. आणि ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ या गटात नाव स्वच्छ दिसतं आहे, तर विंडोजने इंटरफेस ओळखलेला आहे. अडचण सेटिंगमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे.

फोनवर मी हेच विचारतो. “काकू, वायर काढली तेव्हा यादी हलली का?” या एका उत्तरावर पुढची सगळी दिशा ठरते.

यादी हललीच नाही

“पण दिवा लागलाय ना!” हे मला हमखास ऐकू येतं. दिव्यावर विश्वास ठेवू नका. नेहमीच्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. नुसत्या चार्जिंगसाठी बनवलेल्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. अशा केबलने दिवा झकास लागतो, आणि कॉम्प्युटरला मात्र काहीही जोडल्याचा पत्ता लागत नाही. पॉवर बँकेबरोबर किंवा ट्रिमरबरोबर आलेली केबल बहुतेक याच जातीची असते, आणि घरातल्या खणात सगळ्या केबली एकत्र पडलेल्या असल्या की इंटरफेसला नेमकी तीच लागते.

तुमच्या इंटरफेसला मागे चौकोनी, जाडसर तोंड असेल तर काम सोपं आहे. तीच केबल घरातल्या प्रिंटरला असते. प्रिंटरची काढून लावून बघा. टाइप-सी तोंड असेल तर ज्या केबलने तुम्ही मोबाइलमधले फोटो कॉम्प्युटरवर घेता ती लावा, कारण तिच्यातून डेटा जातो हे तुम्हाला आधीच माहीत आहे.

टाइप-सीची आणखी एक गंमत. हे तोंड उलटसुलट कसंही बसतं म्हणून आपण कधी लक्ष देत नाही. पण प्लगमध्ये साध्या डेटाच्या तारांची जोडी एकाच बाजूला असते. समोरच्या खाचेत मात्र ती दोन्ही बाजूंना असते. खाचेतल्या एका बाजूच्या टाचण्यांवर धूळ किंवा गंज असेल तर प्लग उलटा करून लावल्यावर इंटरफेस एकदम दिसू लागतो. तसं झालं तर खाच साफ करायला हवी. कॉम्प्युटर बंद करून कोरड्या मऊ ब्रशने आधी धूळ काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब पुरतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात न वापरलेल्या पोर्टांची ही अवस्था लवकर होते. पाणी, थुंकी, फुंकर यांतलं काहीही नको.

केबल बदलूनही उपयोग नसेल तर पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट सोडा आणि मागचे, थेट मदरबोर्डवरचे वापरा. पुढचे पोर्ट आतून एका बारक्या वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात. ती वायर सैल झालेली, किंवा कॅबिनेट जोडताना लावायचीच राहून गेलेली मी पाहिली आहे. मधे हब (एका पोर्टचे अनेक करणारी डबी) असेल, एक्स्टेन्शन असेल, लॅपटॉपचा डॉक असेल तर सगळं काढून थेट जोडा. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपलीकडे नेऊ नये. आमच्याकडे एका सरांनी पंख्याच्या आवाजापासून दूर बसायचं म्हणून तीन एक्स्टेन्शन एकाला एक जोडली होती. इंटरफेस कधी दिसायचा, कधी नाही. शेवटी त्यांनी लांब माइक केबल घेतली आणि इंटरफेस कॉम्प्युटरजवळ आणला. तेच बरोबर आहे: लांबी माइकच्या वायरीला द्यावी, यूएसबीच्या नाही.

इथेच एक वेगळा घोळ सांगून ठेवतो. मोबाइलसाठी मिळणारा, टाइप-सीमधून इअरफोनचं गोल भोक काढणारा छोटा अडॅप्टर दोन प्रकारचा असतो. एकात आवाजाची चिप असते, आणि तो कॉम्प्युटरला यूएसबी उपकरण म्हणून दिसतो. दुसऱ्यात चिप नसते, फक्त तारा असतात. काही ठरावीक फोनच त्याच्यातून थेट आवाज पाठवतात. हा दुसरा प्रकार तुम्ही लॅपटॉपला लावलात तर काहीही दिसणार नाही, कारण ओळखण्यासारखं त्यात काही नसतंच. त्यावर ड्रायव्हर शोधत बसू नका, चिपवाला अडॅप्टर आणा.

‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आलं

त्या ओळीवर दोनदा क्लिक केलंत तर ‘कोड ४३’ किंवा ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं वाचायला मिळतं. अर्थ साधा आहे: कॉम्प्युटरने नाव विचारलं, उत्तर आलं नाही किंवा तुटक आलं. ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडून बघा. तिथे कंपनीच्या क्रमांकाच्या जागी ०००० असेल, तर विंडोजला इंटरफेस कुठल्या कंपनीचा तेही कळलेलं नाही. अशा वेळी कंपनीचा ड्रायव्हर कितीही वेळा टाका, काहीही फरक पडणार नाही. ज्याचं नावच कळलं नाही त्याच्यासाठी कुठला ड्रायव्हर चालवायचा, हे विंडोजला ठरवता येत नाही.

केबल आणि पोर्ट वर सांगितल्याप्रमाणे इथेही आधी बदलाच. त्यानंतरचा मोठा संशयित म्हणजे अपुरी वीज. यूएसबी २.० पोर्टकडून उपकरणाला जास्तीत जास्त ५०० मिलिॲम्पियर मिळतात, यूएसबी ३.० कडून ९००. ओळख पटेपर्यंत तर यूएसबी २.० वर १०० मिलिॲम्पियरच घेण्याची मुभा असते. आता कंडेन्सर माइकचा हिशोब करा. त्याला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर एका माइकला १० मिलिॲम्पियरपर्यंत देता यावी लागते. म्हणजे जवळजवळ अर्धा वॅट. हा अर्धा वॅट इंटरफेस पोर्टच्या पाच व्होल्टमधूनच उपसतो, म्हणजे सुमारे १०० मिलिॲम्पियर, आणि रूपांतरात वाया जाणारं वेगळं. बरेच माइक याहून कमी घेतात, पण दोन माइक, वर मोठ्याने वाजणारे हेडफोन आणि मधे बिनविजेचा हब असं सगळं जमलं की पोर्ट मान टाकतो.

म्हणून इंटरफेस जोडताना ४८ व्होल्टचं बटण बंद ठेवा, हेडफोनचा आवाज शून्यावर आणा, माइक काढून ठेवा. मोकळा इंटरफेस ओळखला गेला आणि माइक लावून बटण दाबल्यावर गायब झाला, तर निदान झालं. दुसरा पोर्ट, स्वतःचा अडॅप्टर असलेला हब, किंवा इंटरफेसला वेगळ्या विजेची सोय असेल तर ती, यांपैकी काहीतरी करावं लागेल.

मग ‘शट डाउन’ची गोष्ट. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत आणली जाते. यूएसबीचा बिघडलेला ड्रायव्हरही तसाच परत येतो. ‘रीस्टार्ट’ केलं की मात्र सगळं नव्याने सुरू होतं. लोक सांगतात, “तीनदा बंद करून चालू केला”. मी सांगतो, एकदा रीस्टार्ट करा. त्याने नाही झालं तर कॉम्प्युटर बंद करा, वीज काढा, सगळी यूएसबी उपकरणं काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, आणि मग चालू करून फक्त इंटरफेस लावा. पोर्टने जादा प्रवाहामुळे स्वतःला बंद करून घेतलं असेल तर तो यानंतर बऱ्याचदा सुधारतो.

इंटरफेस ओळखला जातो, पण वीस मिनिटं हात लावला नाही की नाहीसा होतो, अशी तक्रार असेल तर विंडोज वीज वाचवण्यासाठी पोर्टला झोपवत असतं. ‘कंट्रोल पॅनेल’, ‘पॉवर ऑप्शन्स’, ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’, तिथून ‘अॅडव्हान्स्ड’ असं आत जा, ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ शोधा आणि ‘डिसेबल्ड’ करा. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही. तिथे डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’ उघडून ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधली ‘अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस’ ही खूण काढा.

एवढं करूनही ओळ ‘अननोन’च राहिली, तर इंटरफेस शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरला लावून बघा. खरं तर ही चाचणी शक्य असेल तर पहिल्या दहा मिनिटांतच करावी. दुसऱ्या मशिनवर, दुसऱ्या केबलने, तेच होत असेल तर दोष इंटरफेसमध्ये आहे, आणि तुमच्या विंडोजला छळण्यात अर्थ नाही.

नाव आलं, पण पिवळा त्रिकोण

आता खरोखर ड्रायव्हरची पाळी. यूएसबीवरून आवाज कसा पाठवायचा याचं एक सर्वमान्य मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९८ ची, दुसरी २००६ ची. पहिली पाळणारी साधी हेडसेटं, साधे माइक कुठल्याही विंडोजवर आपोआप चालतात. दुसरी पाळणाऱ्या इंटरफेससाठीचा ड्रायव्हर मात्र विंडोजमध्ये २०१७ साली आला, विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीबरोबर. तुमच्याकडे अजून विंडोज ७ असेल, आणि इंटरफेस दुसऱ्या मानकाचा असेल, तर कंपनीने विंडोज ७ साठी दिलेल्या ड्रायव्हरशिवाय तो चालणारच नाही. मॅकवर आणि लिनक्सवर दुसऱ्या मानकाची सोय याच्या बऱ्याच आधीपासून होती. म्हणून मुलाच्या मॅकवर चालणारा इंटरफेस वडिलांच्या जुन्या पीसीवर चालत नाही, आणि त्यात इंटरफेसचा काही दोष नसतो.

त्रिकोणावर दोनदा क्लिक करून कोड वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. १० म्हणजे आहे पण सुरू होत नाही. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला मान्य नाही. २२ असेल तर कुणीतरी उपकरण बंद करून ठेवलं आहे, उजवं क्लिक करून ‘एनेबल’ करा, बस.

ड्रायव्हर नव्याने टाकताना क्रम पाळा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटरफेसवर उजवं क्लिक, ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’, आणि ‘अटेम्प्ट टू रिमूव्ह द ड्रायव्हर’ अशी खूण दिसली तर ती करा. कंपनीचं सॉफ्टवेअर ‘अॅप्स’मधून काढा. वायर काढा. ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो हिडन डिव्हाइसेस’ निवडलंत की पूर्वी दुसऱ्या पोर्टांना लावलेल्या त्याच इंटरफेसच्या फिक्या रंगातल्या जुन्या नोंदी दिसतील, त्याही काढा. रीस्टार्ट करा. मग कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या, आणि इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच वायर लावा. बऱ्याच मॉडेलांत पहिली, दुसरी, तिसरी पिढी असते आणि ड्रायव्हर वेगळे असतात. आपली पिढी कोणती ते आधी तपासून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट’ करून देणाऱ्या सॉफ्टवेअरांपासून दूर राहा. त्यांनी चुकीच्या पिढीचा ड्रायव्हर घातलेला काढायला मला एकदा अख्खी संध्याकाळ लागली.

जुना ड्रायव्हर विंडोज ११ वर चालत नसेल तर ‘कोअर आयसोलेशन’मधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. ही सोय जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरना अडवते हे खरं. पण ती कॉम्प्युटरची राखण आहे. त्याच मशिनवर तुमचे बँकेचे व्यवहार असतील तर माझं मत स्पष्ट आहे: ती बंद करू नका, नवा ड्रायव्हर शोधा, आणि नसेल तर इंटरफेसला त्याच्या काळातल्या एखाद्या जुन्या, इंटरनेट न लावलेल्या मशिनवर कामाला ठेवा. नेहमीच्या इंटेल-एएमडीऐवजी एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर चालणारा नवा विंडोज लॅपटॉप घेतला असेल तर आणखी एक तपासा: ड्रायव्हर एआरएमसाठी वेगळा बनवलेला लागतो, नेहमीचा चालत नाही.

काही नवे इंटरफेस पहिल्यांदा जोडल्यावर पेनड्राइव्हसारखे दिसतात, आणि आत नोंदणीच्या पानाचा दुवा असतो. ती नोंदणी आणि कंपनीचं सॉफ्टवेअर टाकणं पूर्ण झालं की तो भाग बंद होतो. ‘ऑडिओ उपकरण आलंच नाही’ म्हणून घाबरू नका.

विंडोजला दिसतो, सॉफ्टवेअरला नाही

इथे पोचलात तर निम्मी काळजी सोडा. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘साउंड’ मध्ये जाऊन ‘इनपुट’खाली इंटरफेस निवडा. तिथे नसेल तर ‘मोअर साउंड सेटिंग्ज’, ‘रेकॉर्डिंग’ टॅब, मोकळ्या जागेत उजवं क्लिक, ‘शो डिसेबल्ड डिव्हाइसेस’.

मग परवानगी. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘मायक्रोफोन’ मध्ये वरचं बटण चालू हवं, आणि खाली ‘लेट डेस्कटॉप अॅप्स अॅक्सेस युअर मायक्रोफोन’ हेही. हे दुसरं बटण लोकांच्या नजरेतून सुटतं.

सॉफ्टवेअर आधी उघडून इंटरफेस नंतर लावला असेल, तर बरीच सॉफ्टवेअरं उघडताना घेतलेली जुनीच यादी दाखवत राहतात. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रीस्कॅन ऑडिओ डिव्हाइसेस’ करा, किंवा सरळ बंद करून उघडा. यादीत असूनही रेकॉर्डिंग सुरू होत नसेल तर झूम, ब्राउझरची टॅब, दुसरं एखादं सॉफ्टवेअर इंटरफेस अडवून बसलं आहे का बघा. आणि विंडोज व सॉफ्टवेअर दोन्हीकडे सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो आकडा) एकच ठेवा, ४४१०० तर ४४१००, ४८००० तर ४८०००. आवाज एकाच कानात येत असेल तर तो बिघाड नाही. पहिला माइक डाव्या वाहिनीवर येतो. रेकॉर्डिंग ‘मोनो’ करा.

मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात

मॅकवर ‘ऑप्शन’ दाबून सफरचंदाच्या मेनूत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा आणि ‘यूएसबी’ बघा. हीच तुमची हलणारी यादी. मात्र ती आपोआप ताजी होईलच असं नाही, बंद करून पुन्हा उघडा. मॅकच्या सिस्टिमच्या व्हेंचुरा या आवृत्तीपासून पुढे, अॅपल सिलिकॉनच्या (अॅपलची स्वतःची चिप असलेल्या) मॅकबुकवर नवं उपकरण लावलं की ‘अलाउ’ विचारलं जातं. ते चुकून नाकारलं असेल तर इंटरफेसला वीज मिळते, पण डेटा नाही. तिथे दिसत असेल तर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये बघा, आणि मायक्रोफोनची परवानगी तपासा.

लिनक्सवर ‘एलएस’ आणि ‘यूएसबी’ सलग लिहून होणारी आज्ञा टर्मिनलमध्ये द्या, वायर काढून एकदा आणि लावून एकदा. ओळ वाढली तर उपकरण पोचलं. पुढे आवाजाच्या सेटिंगमध्ये त्याचं प्रोफाइल ‘ऑफ’ नाही ना, एवढं बघा.

दोष इंटरफेसमध्येच निघाला तर

वॉरंटी असेल तर स्क्रू उघडू नका. नसेल, तर आधी मागच्या खाचेतली केबल हलक्या हाताने हलवून बघा. हलवताना यादी येत-जात असेल तर बोर्डवर बसवलेल्या खाचेचे टाके तडकलेले आहेत. केबल ओढून ओढून हे होतं, आणि कुठलाही चांगला टीव्ही-मोबाइल दुरुस्तीवाला ते पुन्हा डागून देतो. त्याला नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नका. किती केबली, किती पोर्ट, किती मशिनं बदलून पाहिलीत आणि यादी कुठल्या परिस्थितीत हलली, हे कागदावर लिहून द्या. त्याचा वेळ वाचतो आणि तुमचा खर्चही.

आणि उद्या सकाळी मुलांना धडा हवाच असेल, तर इंटरफेस बाजूला ठेवा. मोबाइल विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, समोरच्या भिंतीवर आणि टेबलावर जाड गोधडी टाका, फोन तोंडापासून एक वीत लांब आणि किंचित बाजूला धरून त्यातल्याच रेकॉर्डरवर वाचा. आमच्या गटातल्या एका बाईंनी दहावीच्या इतिहासाचे दोन धडे असेच दिले होते, आणि ऐकणाऱ्या मुलांनी त्यांच्याकडे लगेच पुढचा धडा मागितला.